योहान फान देर क्यूकन: चौकटीला धक्का मारणारा डच दिग्दर्शक

तिसरी घंटा

१९६६ सालचा 'हेरमन स्लॉबे' नावाचा जेमतेम अर्ध्या तासाचा डच माहितीपट आहे. हेरमन हा मिसरूड फुटायच्या वयाचा अंध मुलगा. तिखट जिभेचा, कोणाच्या दयेला भीक न घालणारा. हातात मायक्रोफोन आला की थेट रेडिओचा निवेदक होतो. झांडफोर्टच्या मोटारशर्यतीचे आवाज तोंडाने असे काढतो की खऱ्या गाड्या फिक्या पडाव्यात. आपण त्याच्यात पुरते गुंततो, आणि तेवढ्यात दिग्दर्शकाचा आवाज येतो: आता हेरमनला इथेच सोडून आम्ही स्पेनला निघालो, नवा चित्रपट करायचाय. वर पुस्ती अशी की चित्रपटात सगळं म्हणजे आकारच असतात, हेरमनही एक आकार, तर येतो, लाडक्या आकारा.

ऐकून चपापायला होतं. पण माहितीपट करणारे सगळेच हे करत असतात. एखाद्याच्या घरात शिरायचं, हवं ते टिपायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. योहान फान देर क्यूकनने ते पडद्यावर, प्रेक्षकाच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्याचं पुढचं पस्तीस वर्षांचं काम या एका वाक्याभोवती फिरतं असं माझं मत झालंय, म्हणून हा धागा.

जन्म ॲमस्टरडॅमचा, ४ एप्रिल १९३८. वयाच्या बाराव्या वर्षी आजोबांनी फोटो काढायला शिकवलं. १९५५ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांचा असताना, 'आम्ही सतरा वर्षांचे' अशा अर्थाच्या शीर्षकाचं त्याचं फोटोंचं पुस्तक निघालं. त्यात शाळासोबत्यांची छायाचित्रं: खिडकीशी बसलेले, सिगरेट ओढणारे, कशातच मन नसलेले. युद्धातून सावरून कामाला लागलेल्या देशाला आपली तरुण पिढी अशी उदास दाखवलेली रुचली नाही आणि वाद झाला. दुसऱ्या पुस्तकाला कवी रेम्को काम्पर्टने मजकूर लिहिला. मग शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या 'इडेक' या चित्रपटशाळेत. तिथे म्हणे त्याला जे काही मिळालं ते वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त. त्या पॅरिसचं 'पारी मोर्तेल' हे छायाचित्रांचं पुस्तक १९६३ चं.

१९६४ मध्ये अंध मुलांच्या शाळेवर एक छोटा चित्रपट केला. हेरमन त्यातच भेटला. १९६७ मध्ये युरोपात स्थायिक झालेल्या बेन वेबस्टर या अमेरिकन सॅक्सोफोनवादकावर एक. त्यात वेबस्टरच्या वादनाइतकीच जागा सॅक्सोफोनच्या कारखान्याला आहे. वाद्य कसं ठोकून, वाकवून तयार होतं ते दिसतं, आणि मग त्याच पितळेतून म्हाताऱ्याचा तो श्वास ऐकू येतो. सत्तरच्या दशकात तो जगभर हिंडू लागला. १९७२ ते १९७४ दरम्यान उत्तर-दक्षिण, म्हणजे श्रीमंत आणि गरीब देशांतल्या विषमतेवर तीन चित्रपट केले. तिसऱ्यात नेदरलंड्सच्या उत्तरेकडच्या आइस्क्रीम कारखान्यात राबणारी भावंडं आहेत, त्यातली बहुतेक बहिरी, आणि त्यांच्या शेजारी पेरूमधली गरीब वस्ती. निवेदक काही जोडून देत नाही. दोन्ही दृश्यं नुसती शेजारी ठेवलेली असतात. धागा आपण शोधायचा.

कॅमेरा कायम त्याच्याच खांद्यावर. आवाजाचं काम पत्नी नोश्का फान देर लेली करायची. संगीत बऱ्याचदा विलेम ब्रॉयकरचं, म्हणजे जॅझ आणि सर्कशीचा बँड यांच्या मधलं काहीतरी, दृश्याशी भांडणारं.

आणि ती प्रसिद्ध खोड. चौकट नीट लावलेली असते, माणूस मधोमध असतो, आणि अचानक कॅमेरा डावीकडे वीतभर सरकतो. परत येतो. पुन्हा उजवीकडे. जणू कोणी कोपराने ढोसलं. काहीही घडलेलं नसतं. मात्र त्या क्षणी कळतं की चौकटीबाहेरही जग आहे आणि ते कापून टाकण्याचा निर्णय कोणा एका माणसाने घेतलाय.

सगळे मिळून पन्नासच्या वर लहानमोठे चित्रपट. मी सगळे पाहिलेले नाहीत. बाकीचं प्रतिसादांत बोलू.

---

सांडगे मिरची

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

खडूस मावशी

लेख आवडला, माणूस नाही आवडला. 'हा एक आकार' असं तोंडावर म्हटलं म्हणून काय झालं? पोरगा तिथेच राहिला ना. चोरी करून दारावर चिठ्ठी लावून जाणारा चोर जास्त प्रामाणिक असतो का? युरोपियन कलावंतांचं हे मला नेहमी खटकतं, की अपराध मान्य करण्याची शैली एकदा सापडली की अपराध चालू ठेवायला मोकळे.

---

रिळवाला

मावशी, हलके घ्या, पण तुमचा चोर चिठ्ठीत स्वतःचा पत्ता लिहून जातो हे विसरू नका.

मी उभी हयात १६ मिमीच्या फिल्मबरोबर काढली आहे, म्हणून त्या धक्क्याबद्दल थोडं. आजच्या मुलांना वाटेल की हात हलला. तसं नाही. १६ मिमीचं चारशे फुटी रीळ दहा-अकरा मिनिटांत संपतं. प्रत्येक सेकंदाला पैसे जळत असतात. डोळा आयपीसला चिकटलेला, कॅमेऱ्याचं सगळं वजन उजव्या खांद्यावर. अशा वेळी कॅमेरामन स्थिर राहण्यासाठी श्वास रोखतो. हा गृहस्थ मुद्दाम सरकतो, आणि सरकून झाल्यावर नवीन चौकटही तितकीच नेटकी बसलेली असते. ते हात थरथरल्याचं लक्षण नाही. हा मुळात स्थिर छायाचित्रं काढणारा माणूस होता आणि एका शॉटमध्ये तो दोन-तीन फोटो काढायचा, असं मी समजतो.

संकलनाच्या टेबलावर असे शॉट आले की आमच्याकडचा कोणीही संकलक तो धक्का पहिला कापेल. त्याने ते ठेवले.

---

डेल्फ्टकर

इथे नेदरलंड्समध्ये राहून बरीच वर्षं झाली, म्हणून थोडी स्थानिक भर घालतो.

एवढे विक्षिप्त चित्रपट काढायला पैसे कोण देत होतं, हा प्रश्न पडला असेलच. उत्तर: टीव्ही. नेदरलंड्समध्ये प्रसारण सरकारच्या एका खात्याकडे नव्हतं. कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी अशा प्रत्येक गटाची आपापली प्रसारण संस्था आणि सगळ्यांना सभासदसंख्येनुसार वेळ वाटून दिलेला. त्यातली व्हीपीआरओ ही १९२६ साली उदारमतवादी प्रोटेस्टंटांनी काढलेली. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे तरुण मंडळी घुसली आणि पाद्री लोकांची संस्था बघता बघता देशातली सगळ्यात बंडखोर वाहिनी झाली. फान देर क्यूकनचं बरंच काम त्यांच्यामुळे उभं राहिलं. म्हणजे हे चित्रपट कुठल्या कलादालनात चार जणांसाठी नव्हते, लोकांच्या बैठकीच्या खोलीत लागायचे. किती लोक चॅनल बदलायचे तो भाग वेगळा.

'द वे साउथ' (१९८१) जरूर बघा. सुरुवात ३० एप्रिल १९८० ची, राणी बेआट्रिक्सच्या राज्याभिषेकाचा दिवस. ॲमस्टरडॅममध्ये घरांची भयंकर टंचाई होती आणि रिकाम्या इमारतींचा ताबा घेणारी तरुण मुलं 'घर नाही तर राज्याभिषेक नाही' म्हणत रस्त्यावर उतरली. पोलिसांशी तुंबळ मारामारी झाली. चित्रपट तिथून निघतो आणि पॅरिस, दक्षिण फ्रान्स, रोम, कालाब्रिया करत कैरोपर्यंत पोचतो. वाटेत भेटणारे बहुतेक सगळे कुठून तरी उठून आलेले किंवा कुठे तरी जायला निघालेले.

आणि 'ॲमस्टरडॅम ग्लोबल व्हिलेज' (१९९६). चार तासांचा आहे. पळू नका! एक मोरोक्कन वंशाचा कुरियर पोरगा मोटारसायकलवरून शहरभर पाकिटं पोचवतो आणि त्याच्या मागे मागे आपण घराघरांत शिरतो. बोलिव्हियाहून आलेल्या माणसाबरोबर थेट अँडीजमधल्या त्याच्या गावी, चेचेन व्यापाऱ्याबरोबर युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या ग्रोझ्नीत. मध्येच एक ज्यू आजी मुलाला घेऊन युद्धकाळातल्या आपल्या जुन्या घरी जाते. आणि या सगळ्याच्या मधून कालव्यांतून संथ सरकणारा कॅमेरा. इथे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मी हा दाखवतो. दोघंच शेवटपर्यंत बसले.

---

सांडगे मिरची

चार तास? आमच्या आज्या संगीत नाटकाला बसायच्या त्या पहाटेच उठायच्या. जे दोघं पळाले नाहीत त्यांचा सत्कार करा.

---

मधुरा_त्रिशूर

नवऱ्याच्या नोकरीमुळे केरळात राहिले आहे, आणि या दिग्दर्शकाशी माझी ओळख तिथलीच. १९८८ चा 'द आय अबव्ह द वेल' हा संपूर्ण केरळात चित्रित झालाय. लेखात त्याचा उल्लेखच नाही!

त्यात गावोगाव फिरणारा एक सावकार आहे. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला फेटेवाला पिळदार सावकार नव्हे. साधा, घामाघूम, वही घेऊन दारोदार छोटे हप्ते गोळा करणारा माणूस. कोणी पैसे देतं, कोणी पुढच्या खेपेला या म्हणतं. त्याच्या या फेऱ्यांच्या मधे मधे शिकण्या-शिकवण्याची दृश्यं येतात: कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेचा आखाडा, गाण्याची, नाचाची शिकवणी, आणि वेदपठण शिकणारी नंबुद्री ब्राह्मण मुलं. गुरू मुलाचं डोकं हाताने धरून स्वरांप्रमाणे वरखाली, बाजूला हलवतात. आवाज कंठातून नाही, मानेतून शिकवला जातोय असं वाटतं.

पैसा घरोघर फिरतो आणि विद्याही घरोघर फिरते, दोन्हींचे हिशेब वेगळे. चित्रपट हे बोलत नाही पण दोन्ही वाटा इतक्या वेळा एकमेकींना छेदतात की न कळून सुटका नाही. मी तिथे राहत असताना या गोष्टी रोज बघत होते आणि मला त्यांचा असा संबंध कधी लागला नव्हता.

---

खडूस मावशी

मधुरा, हप्ता चुकवणाऱ्या बाईच्या दारात परदेशी माणूस कॅमेरा घेऊन उभा राहिला तर तिला काय वाटलं असेल? ते त्या दृश्यात आहे का?

---

मधुरा_त्रिशूर

मावशी, अर्धवट आहे. लोक कॅमेऱ्याकडे बघतात आणि तो ते बघणं कापत नाही. कुतूहल दिसतं, काही ठिकाणी संकोचही. पण त्यांनी काय विचारलं, त्याने काय सांगून परवानगी घेतली, ते नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे. मला तो सावकारापेक्षा वेदाच्या वर्गात जास्त पडला होता, कारण तिथे सगळं इतकं सुंदर दिसतं की कोणाला त्या वर्गात बसता येतं आणि कोणाला नाही हा विषय बाहेरच राहतो. धक्का मारून तेवढा बाहेरचा भाग त्याने दाखवला नाही.

---

पोथीनिष्ठ

मधुराताईंच्या प्रतिसादावरून चित्रपट शोधून पाहिला आणि सुरुवातीलाच उडालो. वाघाला भिऊन पळणारा माणूस विहिरीवर लटकतो, खाली साप, वर फांदी कुरतडणारे उंदीर, आणि अशा स्थितीत तो समोरचा मधाचा थेंब चाटतो. भारतीय कथा एवढंच सांगून दिग्दर्शक पुढे जातो.

ही आपल्या महाभारताच्या स्त्रीपर्वातली! युद्ध संपलंय, शंभर मुलं गेलीत, आणि विदुर धृतराष्ट्राला हा दृष्टान्त सांगतो. तिथे वाघाऐवजी विहिरीच्या तोंडाशी सहा तोंडांचा, बारा पायांचा हत्ती आहे, म्हणजे सहा ऋतू आणि बारा महिने, अर्थात वर्ष. काळे-पांढरे उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस. तळाचा महासर्प म्हणजे काळ. लटकणारा माणूस तिथे ब्राह्मण आहे, तो वेलींत उलटा लटकलाय, मधमाश्या घोंगावतायत, आणि मधाच्या धारा पिऊन त्याची तृप्ती काही होत नाही. जैन परंपरेत हाच मधुबिंदू दृष्टान्त म्हणून चित्रांत दिसतो.

विदुर ही कथा वैराग्यासाठी सांगतो. मूर्ख माणूस, मरण समोर असताना मध चाटतोय. या डच माणसाच्या हातात तीच गोष्ट उलटी झाली. त्याला मध चाटणारा मूर्ख वाटत नाही. त्याचा चित्रपट संपूर्ण त्या मधाबद्दल आहे: गाणं, नाच, आखाडा, मंत्र. विदुराला हे पटलं नसतं.

---

तिसरी घंटा

पोथीनिष्ठ, दंडवत! आणि मधुराताई, केरळचा चित्रपट मुद्दाम राखून ठेवला होता, कोणीतरी तिथे राहिलेलं बोलेल म्हणून.

मध चाटणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर शेवटच्या चित्रपटाबद्दल सांगतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं की प्रोस्टेटचा कर्करोग पसरलाय, हातात थोडी वर्षं आहेत. त्याने आणि नोश्काने ठरवलं, निघायचं. भूतान, नेपाळ, बुर्किना फासो, माली, ब्राझील. त्याचा चित्रपट झाला 'द लाँग हॉलिडे' (२०००). प्रतिमा घडवता आल्या नाहीत तर मी मेलोच, हे त्यातलं त्याचं म्हणणं.

यात हेरमनचा हिशेब फिटतो असं म्हणायचा मोह होतो, कारण आता आकार तो स्वतः झालाय. डॉक्टरांशी बोलतानाचं ऐकू येतं, रक्त तपासणीचे आकडे येतात, थकवा येतो. नेहमीचा कॅमेरा जड होऊ लागल्यावर छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने काम भागवणं येतं. पण मला यात खरं धरून ठेवतं ते वेगळंच: आजारी माणूस स्वतःकडे फार कमी बघतो. तो बघतो बाजारातल्या बायकांकडे, पोरांच्या खेळाकडे. लोकांचे चेहरे नेहमीपेक्षा जास्त वेळ धरतो.

७ जानेवारी २००१ ला ॲमस्टरडॅममध्ये गेला. बासष्ट वर्षांचा होता.

---

डॉ_आडवाटे

'द लाँग हॉलिडे' वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावा असा आहे. एका बाजूला पाश्चात्त्य रुग्णालयातले तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला हिमालयातले तिबेटी पद्धतीचे वैद्य, आणि तो दोघांकडेही सारख्याच कुतूहलाने बघतो. चमत्काराच्या मागे लागलेला वाटत नाही आणि टिंगलही करत नाही. आमच्याकडे येणारे रुग्ण नेमके असेच दोन्हीकडे जातात. फरक एवढाच, की ते आम्हाला सांगत नाहीत.

---

रिळवाला

त्याच्या 'ब्रास अनबाउंड' (१९९३) चं नाव कसं कोणी घेतलं नाही? वसाहतवाल्यांनी जिथे जिथे फौजा नेल्या तिथे तिथे पितळी बँड नेले. साहेब गेला, बँड राहिला. नेपाळ, सुरीनाम, इंडोनेशिया, घाना, चार ठिकाणी स्थानिक लोकांनी त्या वाद्यांचं काय केलं त्याची गोष्ट. कुठे लग्नात, कुठे अंत्ययात्रेत. नेपाळमधली वरात बघताना मला आमच्या गल्लीतला बँडवाला आठवला, तोच लाल कोट, तीच सैल टोपी, आणि वाजवून झाल्यावर तीच भूक.

---

अनघा_प

वाचतेय. एक अवांतर शंका. त्याने लुसेबेर्ट या कवी-चित्रकारावर तीनदा चित्रपट केला ना? १९६२, १९६७ आणि १९९४. तिसरा लुसेबेर्टच्या निधनानंतरचा. २०१८ मध्ये विम हाझ्यूने लिहिलेलं चरित्र आलं, आणि त्यातून कळलं की युद्धकाळात जर्मनीत कामाला असताना तरुण लुसेबेर्टने नाझींची भलामण करणारी, ज्यूद्वेष्टी पत्रं लिहिली होती. डच साहित्यजगताला मोठा हादरा बसला, कारण युद्धानंतरच्या बंडखोर कवींचा तो सम्राट मानला जायचा.

आता हे माहीत असताना ते तीन चित्रपट कसे बघायचे? फान देर क्यूकन २००१ लाच गेलेला. चौकटीबाहेर काहीतरी आहे असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या आवडत्या चौकटीबाहेर हे होतं.

---

खडूस मावशी

अनघा, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. आणि यावर दिग्दर्शकाला दोष देता येत नाही याचं मलाच वाईट वाटतंय.

---

डेल्फ्टकर

अनघाताई, तिन्ही चित्रपट त्याने नंतर एकत्र जोडले, ते तसेच सलग बघा. रंग, कुंचला, कागद, स्टुडिओ, बस. तिसऱ्या भागात माणूस गेलाय आणि त्याची खोली उरलीय. पत्रांचं कळल्यानंतर मी पुन्हा पाहिला. चित्रांतले ते राक्षसी चेहरे मला आता वेगळे दिसतात. चित्रपटाने काही लपवलं असं मात्र वाटलं नाही.

---

सांडगे मिरची

गंभीर मंडळींना नमस्कार. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? चार तासवाला सोडून.

---

तिसरी घंटा

सांडगे, 'तो सांग फोटोस्टुडिओ' (१९९७). अर्ध्या तासाच्या आसपासचा. ॲमस्टरडॅमच्या आल्बर्ट काउप रस्त्यावर एका चिनी छायाचित्रकाराचा जुन्या पद्धतीचा स्टुडिओ होता. त्याच रस्त्यावरचे, जगाच्या नाना कोपऱ्यांतून आलेले दुकानदार तिथे सजूनधजून फोटो काढायला येतात. हनुवटी थोडी वर, हात इथे, खांदा तिकडे. तो माणूस प्रत्येकाला किती निगुतीने बसवतो ते बघा. बघायला मजा येते आणि आत काय चाललंय ते दोन दिवसांनी कळतं.

फ्रेंच लोकांनी याला फार आधी उचलून धरलं होतं. सत्तरच्या दशकात समीक्षक सर्ज दानेने 'काइए द्यू सिनेमा' या फ्रेंच चित्रपट-मासिकात त्याच्यावर लिहिलं. आपल्याकडे मात्र फिल्म सोसायटीवाल्यांच्या तोंडी डच म्हटलं की माहितीपटवाला योरिस इवेन्सच.

---

खडूस मावशी

स्टुडिओवाला पाहिला. तो चिनी गृहस्थ गिऱ्हाइकाला विचारून, पैसे घेऊन, छान कपड्यांत फोटो काढतो आणि फोटो त्याच्याच हातात देतो. शेजारी कॅमेरा घेऊन उभा असलेला डच माणूस यातलं काय करतो? असो. चित्रपट चांगला आहे. पुन्हा पाहणार आहे.

---

पोथीनिष्ठ

इवेन्सचं नाव निघालं म्हणून: डच सरकारने ईस्ट इंडीजसाठी (म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी) नेमलेला असताना त्याने राजीनामा दिला आणि १९४६ मध्ये सिडनी बंदरात 'इंडोनेशिया कॉलिंग' काढला. इंडोनेशियात परत सत्ता बसवायला निघालेली डच जहाजं खलाशांनी अडवली होती आणि त्यात भारतीय खलाशीही होते. त्या खलाशांबद्दल कोणाला माहिती असेल तर लिहा.

---

तिसरी घंटा

पोथीनिष्ठ, त्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा. इथे लिहिलंत तर चर्चा सिडनीला जाईल आणि मावशी माझ्यावर रागावतील.